मोकळ्या जागेचं गाणं

बंड म्हटलं की आपल्याला आधी आवाज ऐकू येतो. घसा फोडून दिलेली घोषणा खरी. हळू बोलणारा एक तर भित्रा, नाही तर काठावरचा. १९७६-७७ साली लंडनच्या पंक पोरांनी घातलेला दंगा याच समजुतीला धरून होता. बेसूर गिटारी, कानठळ्या, शिव्या. तो दंगा गरजेचाही होता. पण तो ओसरताना निघालेली एक तबकडी मला राहून राहून ऐकावीशी वाटते. तिच्यात कुणी ओरडत नाही. ड्रम बडवणारा माणूसच तिच्यात नाही.

ती तबकडी यंग मार्बल जायंट्स या बँडची. प्राचीन ग्रीक पुतळ्यांवरच्या पुस्तकातून उचललेलं हे भारदस्त नाव घेतलं वेल्समधल्या कार्डिफच्या तीन सडपातळ आवाजांनी. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सम हे सख्खे भाऊ, एक गिटार आणि ऑर्गनवर, दुसरा बेसवर. गाणारी ॲलिसन स्टॅटन. हे त्रिकूट १९७८ मध्ये जमलं. त्याच वर्षी कार्डिफचा ईस्ट मूर्स पोलाद कारखाना बंद पडला. पुढच्या मार्चमध्ये वेल्सच्या मतदारांनी स्वतःच्या विधानसभेचा प्रस्ताव फेटाळला आणि मे महिन्यात मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. लंडनच्या संगीतविश्वाच्या खिजगणतीतही कार्डिफ नव्हतं.

ड्रमरऐवजी त्यांच्याकडे एक साधं तालयंत्र होतं. त्याचे ठेके कॅसेटवर भरून घ्यायचे, कार्यक्रमात ती कॅसेट लावायची आणि तिच्या बरोबरीनं वाजवायचं. यंत्राची टिकटिक इतकी बारीक, की तिच्यावर चढून वाजवणं शोभलंच नसतं. मग स्टुअर्टनं तारांवर तळहात टेकवून सूर उमटता उमटता खुडायला सुरुवात केली. जी धून एरवी गिटारनं मिरवायची, ती बेसकडे गेली. ॲलिसनच्या गाण्यात ना कंप, ना हरकत. स्वतःशीच बोलावं तसा तिचा सरळ स्वर. हे सगळं एका वेळी कानावर येतं तेव्हा लक्षात येतं, की दोन वाद्यांच्या मध्ये बरीच जागा उरली आहे आणि ती भरायची कुणालाच घाई नाही. साधनं तुटपुंजी होती, हे खरं. पण तुटपुंजेपणा झाकायचा नाही, त्यालाच घाट द्यायचा, हा निर्णय त्यांचा.

असा निर्णय एकट्यानं टिकत नाही. कार्डिफच्या होतकरू बँडनी १९७९ मध्ये मिळून एक तबकडी काढली, ‘इज द वॉर ओव्हर?’ नावाची. तिच्यात या तिघांची गाणी होती. ती लंडनच्या रफ ट्रेडपर्यंत पोचली. जेफ ट्रॅव्हिस यांनी १९७६ मध्ये लॅडब्रोक ग्रोव्ह भागात उघडलेलं हे तबकड्यांचं दुकान दोन वर्षांत स्वतः तबकड्या काढू लागलं होतं. तिथला हिशेब सोपा: खर्च वजा जाता उरेल ते निम्मं कलाकाराचं. वेल्सच्या खेड्यातल्या फोएल स्टुडिओत मोजक्या दिवसांत ध्वनिमुद्रण झालं आणि १९८० च्या सुरुवातीला ‘कोलोसल यूथ’ हा त्यांचा अल्बम बाजारात आला. बड्या कंपनीत एखाद्या साहेबानं नक्की म्हटलं असतं, गाणी बरी आहेत, आता ड्रमर आणा. इथे तसं म्हणणारा कुणी मध्ये नव्हता. ‘स्वतंत्र’ संगीताचं स्वातंत्र्य मला तरी एवढ्यातच दिसतं.

त्याच वर्षी त्यांचं ‘फायनल डे’ आलं. अणुयुद्धाच्या अखेरच्या दिवसाचं हे गाणं दोन मिनिटांचंही नाही. घराची दारं काढून ती भिंतीला टेकवून आतल्या आत आसरा कसा उभारावा, हे ब्रिटिश सरकार तेव्हा पुस्तिका छापून नागरिकांना समजावत होतं. गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एक उंच सूर सलग धरलेला आहे. असा सूर म्हटला की आपल्या कानाला तंबोरा आठवतो. त्याच्यावर भार टाकून गाणारा निर्धास्त होतो. हा सूर मात्र टेकू देत नाही. तो नुसता टोचत राहतो, आणि त्याच्या शेजारी ॲलिसन जगाचा शेवट वाणसामानाची यादी वाचावी तशा शांतपणे सांगते. इथे कुणी किंचाळलं असतं, तर भीती त्या किंचाळणाऱ्याची झाली असती. आता ती ऐकणाऱ्याच्या वाट्याला येते.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९८१ मध्ये, याच कार्डिफमधून बायकांचा एक छोटा जथा अमेरिकी अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्ध ग्रीनहॅम कॉमनच्या हवाई तळाकडे पायी निघाला. गाण्याचा आणि त्या पदयात्रेचा धागा मी जोडत नाही. पण त्या शहराच्या हवेत काय होतं, ते दोन्हींतून कळतं. तोवर हे त्रिकूट मोडलंही होतं. आपसात पटेना, मोठी वाटचाल पेलेना. एकच अल्बम मागे राहिला.

तो गेला मात्र दूरवर. निर्वाणा या बँडचा कर्ट कोबेन, म्हणजे नव्वदच्या दशकातला सर्वांत कर्कश वेदनेचा आवाज, आपल्या आवडत्या अल्बममध्ये ‘कोलोसल यूथ’ची गणना करायचा. कोर्टनी लव्हच्या होल या बँडनं १९९४ मध्ये त्यातलं एक गाणं आपल्या धडधडाटात गायलं. ओरडणाऱ्यांनाच या कुजबुजीची किंमत आधी कळली, याचं मला नवल वाटत नाही. आवाज चढवून काय साधतं आणि कुठे हात टेकावे लागतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

आज घरबसल्या कुणीही गाणं ध्वनिमुद्रित करून जगापुढे ठेवू शकतो. साधनांची टंचाई संपली, आणि सगळे एकाच वेळी बोलू लागले. म्हणून ही तबकडी ऐकताना मला त्या तिघांइतकंच त्यांच्याभोवतीच्या माणसांचं कौतुक वाटतं: गावच्या बँडना एका तबकडीत गोळा करणारी, दुकानात बसून अनोळखी रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकणारी, निम्मा वाटा देऊनही गाण्यात हात न घालणारी. ओरडायला कुणाची सोबत लागत नाही. हळू बोलून ऐकलं जायचं असेल, तर मात्र आसपास अशी माणसं असावी लागतात.