ज्या गिअरात चढलास

साताऱ्याहून कासला जाणारा रस्ता मी पहिल्यांदा पाहिला तो एसटीच्या बॉनेटवर बसून. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातारा डेपोत ड्रायव्हर. शाळेला सुट्टी असली आणि त्यांना बामणोलीची फेरी लागली की मी बरोबर. इंजिनच्या झाकणावर गोणपाटाची घडी टाकून बसायचं. बूड भाजायचं, पण समोरच्या काचेतून सगळा घाट आपल्याच मालकीचा असल्यासारखा दिसायचा.

समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट सुरू. अण्णा क्लच दाबून दांडा मागे ओढायचे. गाडी आधी गुरगुरायची, मग एका सुरात घुमायला लागायची. ते मला समजायचं. चढ आहे, जोर लागणारच. कोडं पडायचं ते परतीला. गाडी आपसूक खाली चालली असताना तिला सेकंड-थर्डमध्ये अडकवून उगाच का ओरडायला लावायचं? न्यूट्रल करावी की, डिझेल तरी वाचेल. हे मी एकदा विचारलं. म्हणाले, "ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा." एवढंच. पुढचं वळण आलं होतं.

या वाक्याचा अर्थ कळायला मला चाळीस वर्षं आणि दोन्ही मांड्या खर्ची घालाव्या लागल्या.

सातारा हिल मॅरेथॉन २०१२ पासून भरते. नाव मॅरेथॉन असलं तरी अंतर अर्ध्या मॅरेथॉनचं, एकवीस किलोमीटर आणि वर शंभरेक मीटर. दिवस सप्टेंबरातल्या रविवारचा. पावसाळा सरत आलेला, पण गेलेला नाही. पहिले दोन-तीन किलोमीटर शहरातून, मग घाट, घाटमाथ्यावरून कासच्या दिशेनं थोडं वरखाली, आणि वळून त्याच रस्त्यानं परत. म्हणजे जेवढं चढायचं तेवढंच उतरायचं, एक इंचाचा हिशोब चुकत नाही. डोंगरातल्या शर्यतीत सर्वांत जास्त माणसं पळाली म्हणून गिनीज बुकातही हिची नोंद झाली. देखाव्याबद्दल काय सांगावं! गावातून मान वर करून बघायचा तो अजिंक्यतारा घाटात एका टप्प्यावर डोळ्यांच्या रेषेत येतो. वर पोचलं की एका अंगाला उरमोडीचं पाणी आणि पलीकडे सज्जनगड, दुसऱ्या अंगाला कण्हेर धरण. धुकं असेल तर यातलं काहीच दिसत नाही आणि पुढच्या माणसाच्या बुटांचे तळवे तेवढे वरखाली होताना दिसतात. मला तेही आवडतं.

पहिल्या वर्षी मी गेलो तो थोडा माजात. मी पुण्यात नोकरी करतो, हिशेब विभागात, आणि सकाळी पळतो. बेचाळिसाव्या वर्षी पळायला लागलो, शेहेचाळिसाव्या वर्षी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन पार केली. मुंबईत चढ म्हणजे पेडर रोड. तो अशा वेळी येतो की पाय आधीच संपलेले असतात, म्हणून त्याची कीर्ती. तो चढलो म्हणजे घाट चढू, असा माझा हिशोब. आणि तो बरोबर निघाला. चढाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चढ प्रामाणिक असतो. जास्त जोर केलात तर लगेच धाप लागते आणि तुम्ही गुमान सावकाश होता. घड्याळ बघायचं नाही, श्वास बघायचा. शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. न लाजता चालायचं. चालणारा आणि पळणारा यांच्यात त्या घाटात काही पावलांचंच अंतर पडतं.

वळणबिंदूला वळसा घातला, घोटभर पाणी प्यायलो आणि घाटमाथा संपून रस्ता खाली झुकला. मी सुटलो. दुसरा शब्द नाही. सपाटीवर किलोमीटरला सहा मिनिटं घेणारा मी घड्याळात चार-पन्नास बघत होतो. श्वास शांत. चढाला जे पुढे गेले होते त्यांना एकेक करून मागे टाकत होतो. कोपऱ्यावर पोरं हलगी वाजवत होती आणि मला वाटलं ती माझ्यासाठीच आहे. लांब लांब ढांगा, टाच आधी, धप, धप, धप.

सतराव्या किलोमीटरला, उतार संपता संपता, मांड्यांच्या पुढच्या भागात काहीतरी विझलं. दुखलं नाही, विझलं. समर्थ मंदिरापाशी रस्ता सपाट झाला आणि ती सपाटी मला चढ वाटायला लागली. गुडघा वाकला की सरळ व्हायला नकार द्यायचा. मग डाव्या मांडीत गोळा आला. कडेला धरून उभा होतो तेव्हा समोर छत्री घेतलेले अण्णा दिसले. त्यांनी मला पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि हातानं फक्त 'चल पुढं' अशी खूण केली. ज्यांना मी मागे टाकलं होतं ते सगळे एकेक करून गेले. काहींनी पाठीवर थाप मारली, ते जास्त लागलं.

संध्याकाळी चहा पिताना अण्णा म्हणाले, "न्यूट्रल टाकून आलास."

पुढचे तीन दिवस मी पुण्याच्या घरचा जिना उलटा उतरलो. तोंड भिंतीकडे, कठडा दोन्ही हातांनी धरून, शिडी उतरावी तसा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी विचारलंच, "काही व्रत आहे का?"

या तीन दिवसांत मी बरंच वाचलं, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जाऊन जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना जोर लावतो. शरीर खाली कोसळतंय त्याला प्रत्येक पावलाला धरतो. हे काम ब्रेकचं. त्याला प्राणवायू कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही, म्हणून माणूस फसतो. पण स्नायूच्या धाग्यांना बारीक बारीक इजा होते, आणि तिचं दुखणं लगेच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोचतं. अण्णांच्या भाषेत सांगायचं तर ब्रेकवर घाट उतरला की लायनर तापतात. तापलेले ब्रेक आधी सांगत नाहीत, नेमके हवे असतात तेव्हा लागत नाहीत.

जगभरच्या पळणाऱ्यांना हे ठाऊक आहे, फक्त आपण विचारत नाही. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही जवळपास नव्वद किलोमीटरची शर्यत एका वर्षी दरबानहून वर पीटरमॅरिट्झबर्गला जाते, बहुधा पुढच्या वर्षी तिकडून खाली येते. पुण्या-मुंबईची बरीच मंडळी ती करतात. खाली येणाऱ्या वर्षी नाव नोंदवलं तर घरचे म्हणतात, बरं झालं, सोपी आहे. जे दोन्ही पळालेत ते हसतात. बोस्टनचंही तेच. तिथं शेवटाला पोचेपर्यंत रस्ता सुरुवातीपेक्षा सुमारे १४० मीटर खाली आलेला असतो. २०११ साली जेफ्री मुताईनं ती २ तास ३ मिनिटं २ सेकंदांत संपवली, तोवर मॅरेथॉन इतक्या लवकर कुणीच पुरी केली नव्हती. पण मार्ग एका दिशेनं जाणारा आणि उताराचा, म्हणून जागतिक विक्रम म्हणून ती वेळ धरली गेली नाही. उताराची मदत होते, हे नियमच सांगतो. आणि तरीही त्याच शर्यतीत पंचवीस-तीस किलोमीटरनंतर न्यूटनच्या टेकड्या येतात तेव्हा हजारो माणसं कोलमडतात. त्या टेकड्या काही सिंहगड नव्हेत. सुरुवातीच्या उतारानं मांड्या आधीच खाल्लेल्या असतात, टेकडी फक्त बिल आणून देते.

तर उतरायला शिकायचं ठरलं. आमच्या ग्रुपची रीत अशी की रविवारी बोपदेव घाट पळत चढायचा, वर चहा, आणि कुणाच्या तरी गाडीतून खाली. मी उलटं सुरू केलं. गाडीतून वर जायचो आणि पळत खाली यायचो. यावर जे विनोद व्हायचे ते झाले. पण यातली गंमत अशी की स्नायू शहाणा असतो. एकदा बेतानं उतार पळून मांड्या थोड्या दुखवून घेतल्या की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला त्या तशा दुखत नाहीत. म्हणून शर्यतीच्या आधी तीन-चार वेळा, थोडं थोडं वाढवत उतरायचं, आणि शेवटचे दोन आठवडे उताराच्या वाटेला जायचं नाही.

बाकी मग कारागिरी. पहिली गोष्ट, बुटांची नाडी. बुटाच्या तोंडाशी सगळ्यात वर, बाकीच्यांच्या रांगेपासून जरा मागे, एक जादा भोक असतं. बहुतेकांच्या बुटात ते जन्मभर रिकामं राहतं. नाडी त्याच बाजूच्या या भोकातून आत घालून छोटा फास ठेवायचा, मग दुसऱ्या बाजूच्या नाडीचं टोक त्या फासातून ओवून घ्यायचं, खाली मागे ओढायचं आणि गाठ मारायची. टाच बुटात पक्की बसते, पाऊल पुढे सरकत नाही, बोटं बुटाच्या टोकावर आपटत नाहीत. पहिल्या वर्षी माझी दोन नखं काळी पडून गळाली होती. एवढ्या एका भोकानं वाचली असती.

दुसरी, वळणं. घाटाच्या यू वळणावर आतल्या कडेनं रस्ता सगळ्यात उभा असतो. पळणारा अंतर वाचवायला नेमका तिथूनच जातो आणि चार ढांगांत मांडीला पन्नास पावलांचा मार देतो. मी बाहेरून जातो. अंतर जरा जास्त पडतं, पडू दे. एसटीसुद्धा बाहेरून मोठा वळसा घेऊन वळते. पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर पाय टाकायचा नाही, त्या तेल सांडल्यासारख्या असतात.

आणि तिसरी, जी यायला मला दोन पावसाळे लागले: पावलं. छोटी, भराभर, अंगाच्या खाली पडणारी. पुढे फेकलेली नाहीत. टाच पुढे टेकवली की प्रत्येक पाऊल ब्रेक होतं. अंग मागे रेलावंसं वाटतं, भीतीनं, रेलायचं नाही. रस्त्याला काटकोनात राहायचं, म्हणजे घोट्यातून किंचित पुढे. हात थोडे बाहेर, पोरं भिंतीवरून चालतात तसे. बघणाऱ्याला हे हास्यास्पद दिसतं, कढईखालचा जाळ विझवायला निघाल्यासारखं टुकूटुकू. पण वेग पावलांच्या संख्येत असतो आणि मांडी शाबूत राहते. हाच तो खालचा गिअर. इंजिन ओरडत राहतं, ब्रेक थंड राहतात.

मग पुन्हा सातारा. भुरभुर पाऊस, घाटात ढग उतरलेले. यवतेश्वरपाशी एक घोळका रस्त्याच्या मधोमध उभा राहून फोटो काढत होता, धुक्याचे. त्यांना वळसा घालताना चार शब्द तोंडाशी आले ते गिळले. वळून परतलो. उतार सुरू झाला आणि पोटात ती जुनी ओढ जाणवली, सुटायची. मी तोंडानं मोजायला लागलो, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. लोक धपधप करत पुढे गेले. एक तरुण मुलगी गेली, एक पंचाहत्तरीचे आजोबा गेले, हे जरा जड गेलं. मी मोजत राहिलो. ढगातून खाली आल्यावर सातारा दिसलं, पत्र्यांवरून पाणी निथळत असलेलं. समर्थ मंदिर आलं. रस्ता सपाट झाला आणि सपाटच राहिला.

तिथून शेवटापर्यंत मी बरीच माणसं मागे टाकली. ती तरुण मुलगीही. आजोबा मात्र शेवटपर्यंत दिसले नाहीत.

घरी गेलो तर अण्णा ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले. त्यांना आता समर्थ मंदिरापर्यंत चालवत नाही. मी पदक गळ्यातून काढून हातात दिलं. त्यांनी वजन बघितलं आणि बाजूला ठेवलं. वेळ विचारली नाही. ओसरीवरून अंगणातल्या नळाकडे चार दगडी पायऱ्या उतरतात, मधल्या झिजून खोलगट झालेल्या.

"पाय धुऊन ये," म्हणाले, आणि खुर्ची जरा वळवून घेतली, मी उतरताना दिसेन अशी.

पहिली उतरलो. दुसरी. तिसऱ्या पायरीवर उजवी मांडी थरथरली आणि नकळत माझा हात भिंतीला टेकला.

"अजून ब्रेक मारतोयस," अण्णा म्हणाले.