लव्हाळ्याचा वास

जानेवारीतल्या सकाळी दिंडोरीकडच्या शिवारात अशी थंडी असते, की द्राक्षाच्या घडाला हात लावला तर बोटं क्षणभर बधिर होतात. मामा ओळीतून चालता चालता मधूनच एखादा मणी तोडत, तोंडात टाकत आणि गर गिळून झाला की बी दाढेखाली घेत. ते कडकन फुटलं तर पुढं निघत. नुसतंच चेपलं तर मान हलवत. "बी कच्चंय अजून. आठ दिवस जाऊ दे." खिशात रिफ्रॅक्टोमीटर असायचा, त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकून ते तो डोळ्याला लावत, २३ ब्रिक्स, २४ ब्रिक्स असं वहीत लिहूनही ठेवत, पण शेवटचा निकाल दाढेचाच.

थॉमसनची बाग मोडून त्यांनी शिराझ लावली होती: बारीक मण्यांची, जाड सालीची, बियांची. गळ्यात मात्र तुळशीची माळ. एवढी वर्षं वाइनची द्राक्षं पिकवली, पण वाइनचा थेंब कधी जिभेला लागू दिला नाही. आपल्याच लेकीच्या सासरी पाणीही न पिणाऱ्या जुन्या बापांसारखं काहीतरी होतं ते.

त्या थंडीचं मोल मला फार उशिरा कळलं. दिवसा ऊन पानांत साखर घडवतं, ती मण्यात उतरते. रात्र उबदार असली तर मणी स्वतःच्याच श्वासोच्छ्वासात आपलं आम्ल जाळत राहतो, आणि गार असली तर ते बरंचसं राखून ठेवतो. गोडी दिवसाची, आंबटपणा रात्रीचा, असं म्हणावंसं वाटतं. वाइनरीत पाहिलं तर काळ्या द्राक्षांचा रस चक्क फिकट निघाला. रंग सारा सालीत. टाकीत आंबवण सुरू झालं की वायूच्या बुडबुड्यांबरोबर साली वर येतात, त्यांचा जाड थर साचतो, आणि तो दिवसातून अनेकदा खाली दाबावा लागतो, तेव्हा कुठे रंग आणि तुरटपणा रसात उतरतो. साखर खाऊन मद्य मागे ठेवणारं हे यीस्ट जिवंत असतं, आंबणं हे जिवाचं काम आहे, हे १८६० च्या आसपास लुई पाश्चरनं ठामपणे मांडलं. त्याआधी मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ तो नुसता पदार्थांच्या विघटनाचा खेळ समजत. आपल्या भाषेला मात्र याची कुणकुण असावी. मराठीत पीठ आंबतं, तसं दिवसभर राबलेलं अंगही आंबतं.

घोट तोंडात फिरवला की हिरड्या आवळल्यासारख्या होतात. ही तुरट लागणारी चीज खरं तर चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळची: टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बिलगतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ कोरडी, खरखरीत वाटू लागते. आपल्या वैद्यांनी कषायाला षड्रसांच्या पंगतीत बसवलं, आणि आवळा चावून वर पाणी प्यायलेल्या कुणालाही ते पटेल. पण वाइनची खरी ओळख जिभेवर होतच नाही. घोट गिळल्यावर घशामागून जी हवा नाकात चढते, ती गंध घेऊन जाते, आणि आपण भाबडेपणानं त्यालाच चव म्हणतो. नाक चोंदलेलं असलं की वरणही परकं लागतं, ते त्यामुळेच.

एकदा मामांच्याच भागातली शिराझ समोर होती. टेबलाभोवतीचे सगळे म्हणाले, मिरं, ताजं कुटलेलं मिरं! मी पेला हलवला, नाक खुपसलं, पुन्हा हलवला. जांभूळ लागलं, थोडं लाकूड लागलं, मिरं नाही.

मग वाचनात आलं की या वासामागचा रेणू २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझमध्ये शोधून काढला. तोच मिऱ्यातही असतो. लाल वाइनच्या लिटरभरात त्याचे अवघे १६ नॅनोग्रॅम असले तरी नाकाला पुरतात. पण त्यांच्या चाचणीत साधारण पाचांतल्या एकाला तो साध्या पाण्यातही, शेकडो पट जास्त असूनही, लागला नाही. मीही त्यातलाच असणार. रेणूचं नाव रोटंडोन, आणि ते आलं सायपेरस रोटंडसवरून, कारण तो आधी त्या वनस्पतीच्या गाठींत सापडला होता. सायपेरस रोटंडस म्हणजे नागरमोथा. मामांच्या भाषेत लव्हाळा, ज्याच्याशी त्यांचं जन्माचं वैर. दिवाळीच्या उटण्यातही तोच. म्हणजे आईनं पहाटे अंगाला चोळलेल्या त्या वासातला एखादा धागा मला कधी मिळालाच नसेल, आणि तो नाही हेही मला ठाऊक नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात गेलो, तेव्हा मामा वेलीच्या बुडाशी बसून खुरप्यानं लव्हाळा काढत होते. एक गाठ त्यांनी धोतराला पुसली, नखानं खरवडली आणि माझ्या नाकाजवळ धरली.

"घे वास. उटण्याचा येतो का नाही?"

माती लागली, ओल लागली, कापरासारखं काहीसं गार लागलं. त्यांना लागत होतं तेच का, कोण जाणे.

"येतोय मामा," मी म्हणालो.

ते समाधानानं हसले आणि ती गाठ बांधावर फेकून पुढच्या वेलीकडे सरकले.