लशीची शिवाशिव

डिसेंबर २०२० मध्ये रास तनुरा येथे आम्ही कोरोनाच्या लशीची वाट पाहत होतो, त्याच दिवसांत भारतातून दोन अफवा आमच्या फोनवर येऊन पोहोचल्या. एकीत लशीमध्ये गाईचे रक्त होते, दुसरीत डुकराची चरबी. एरवी परस्परांचे वैरी असलेले दोन धर्माभिमान लशीविरुद्ध मात्र एका सुरात बोलू लागले. आम्हा आंबेडकरी कुटुंबांना त्याचे नवल वाटले नाही. या विरोधाचे जुने नाव आम्हाला ठाऊक आहे. ते नाव शिवाशिव.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लस. पुढे कित्येक वर्षे एका मुलाच्या दंडावरील फोडातील द्रव घेऊन दुसऱ्याला टोचत असत. तो द्रव बहुधा गरीब, हीन मानलेल्या जातींच्या मुलांकडून घेतला जाई आणि उच्चवर्णीयांना तेच खुपत असे. नंतर लस वासराच्या अंगावर तयार होऊ लागली, तेव्हा गाय आडवी आली.

१८९७ साली पुण्यात रँडच्या सैनिकांनी घराघरांत शिरून केलेला जुलूम खरा होता, त्यावरील संतापही रास्त होता. परंतु त्या संतापात सोवळे-ओवळे मिसळले आणि परक्या सत्तेवरचा राग औषधावर निघाला. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली होती. तरीही तिने धर्म बुडतो, पौरुष जाते, अशा वावड्या उठल्या. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात नेले होते. त्या स्पर्शाची किंमत त्यांनी प्राणांनी चुकवली.

इथे सौदीत, धर्माच्या नावाने चालणाऱ्या राज्यात, युवराजांनी २५ डिसेंबर २०२० रोजी लस घेतली आणि पुढे नागरिक व परदेशी कामगार सर्वांना ती मोफत मिळाली. कोणाचा दंड कोणत्या जातीचा, हे तेथे कोणी विचारले नाही.

आजही गावाकडून बाळांच्या लशींविषयी तसेच संदेश येतात. अतिसाराने पडलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातले होते. त्यांचा धम्म सांगणाऱ्या आपण असा संदेश पुढे न पाठवता गावाकडे फोन करावा, आणि बाळाला लस दिली का, हे आधी विचारावे.

जय भीम.