बुरूड राजाचा कोट आणि व्याधाचा जोडतारा

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला जो स्तूप आहे, त्याला १८८२ पर्यंत गावात कुणी स्तूप म्हणत नव्हतं. तो ‘बुरूड राजाचा कोट’ होता. विटामातीचा मोठा ढीग, आणि त्याच्याशी बांधलेली एका बुरूड राजाची आठवण. त्या वर्षी ईस्टरच्या सुमारास पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो मधोमध खणला आणि आतून दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग मौल्यवान दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. बरोबर सोन्याची फुलं. आणि सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे, असं भगवानलालांनी मानलं.

गावाची समजूत खोटी ठरली, असं यावर लिहिलं जातं. मला तसं वाटत नाही. भिक्षू गेले, राज्यं बदलली, बोली बदलली, धर्म बदलले. तरी हा ढीग माणसांनी रचलेला आहे आणि कुणा थोराचा आहे, एवढं गावाने सोडलं नव्हतं. नाव हरवलं, मान राहिला.

*

त्याच पेटीत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं मिळालं, म्हणजे इसवी सनाचं दुसरं शतक. पण तांब्याच्या करंडकाभोवती मांडलेल्या आठ कांस्यमूर्ती, सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, कित्येक शतकं नंतरच्या. याचा सरळ अर्थ असा की मधे कुणीतरी स्तूप उघडला, मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. ज्यांनी उघडला त्यांनाही तो जुनाच होता. त्यांनीही त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला असणार.

*

परशुरामाचा बाण. आमच्याकडे लहानपणी प्रत्येकाला ही गोष्ट मिळते: समुद्र मागे हटला आणि कोकण वर आलं. केरळात बाणाच्या जागी परशू आहे. गोव्यात बाण बाणावलीला पडला. महाभारताच्या शांतिपर्वात मात्र समुद्राने जमदग्नीच्या मुलासाठी जी भूमी केली, तिचं नाव शूर्पारक, म्हणजे हेच आपलं सोपारा. वनपर्वात युधिष्ठिर तीर्थयात्रेत इथे येऊन जातो.

हल्ली या कथेचा शास्त्रीय अर्थ हौसेने सांगितला जातो. हिमयुगानंतर समुद्राची पातळी बदलली, त्याची ही लोकस्मृती, असा. ऐकायला पटतो. अडचण ही की हिमयुग ओसरताना पाणी हजारो वर्षं चढत होतं आणि कथेत ते उतरतं. त्याहून मोठी अडचण, कथा स्वतःचं कारण स्वतःच सांगते आणि ते आपण ऐकत नाही. परशुरामाने सगळी पृथ्वी कश्यपाला दान दिली. मग कश्यप त्याला म्हणतो, आता माझ्या भूमीत राहू नकोस, दक्षिणेच्या समुद्राकडे जा. दिलेल्या दानावर दात्याने पाय ठेवायचा नाही. मग त्याने राहायचं कुठे? जी जमीन दानाच्या वेळी नव्हतीच, तिच्यावर. इतका काटेकोर, इतका सुंदर विचार त्या कथेत आहे. समुद्राच्या पातळीचा आलेख काढून तो हाती लागत नाही.

(आज मात्र पाणी आत येतंय. कळंब, राजोडी, भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं मुळासकट आडवी झाली आहेत.)

*

कथेवर बाहेरून अर्थ लादण्याचं आणखी एक उदाहरण: डोगोन. पश्चिम आफ्रिकेत मालीमधल्या बांदियागाराच्या कड्यांवर राहणारे शेतकरी. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल १९३१ मध्ये त्यांच्यात पहिल्यांदा गेले. १९४६ मध्ये ओगोतेम्मेली नावाच्या आंधळ्या वृद्धाने त्यांना तेहतीस दिवस सृष्टीची कथा सांगितली. १९४८ मध्ये तिचं पुस्तक झालं. अम्मा हा निर्माता, नोम्मो हे पाण्यातले जुळे पूर्वज, आणि, ग्रिओलच्या नंतरच्या नोंदींप्रमाणे, आईच्या पोटातून वेळेआधी बाहेर पडून सृष्टीची घडी विस्कटणारा ओगो, जो पुढे फिकट कोल्हा होतो. आजही डोगोन भविष्य पाहणारे वाळूत चौकटी आखून ठेवतात आणि रात्री कोल्ह्याची पावलं त्यात कशी उमटली ते सकाळी वाचतात.

१९५० मध्ये ग्रिओल आणि जर्मेन दितेर्लँ यांनी लिहिलं की डोगोनांना व्याध या ताऱ्याचा जोडतारा ठाऊक आहे: डोळ्यांना न दिसणारा, पन्नास वर्षांत फेरी पुरी करणारा, अतिशय जड. हे सगळं खरंच त्या ताऱ्याला लागू पडतं. १८४४ मध्ये बेसेलने तो गणिताने ओळखला, १८६२ मध्ये क्लार्कने दुर्बिणीतून पाहिला, आणि तो भयंकर घन आहे हे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत कळलं.

मग १९७६ मध्ये रॉबर्ट टेंपल यांचं पुस्तक आलं आणि नोम्मो हे व्याधावरून आलेले उभयचर पाहुणे झाले.

*

त्या जोडताऱ्याला डोगोनांचं नाव आहे पो तोलो. पो म्हणजे फोनिओ, त्यांच्या शेतातलं सगळ्यांत बारीक धान्य. ग्रिओलच्या नोंदींप्रमाणे सृष्टीही त्या दाण्यापासूनच सुरू होते: अम्माने सगळं त्यात कोंडलं आणि ते आतून फिरत फिरत बाहेर पडलं. खडकाळ उतारावर मूठभर माती अडवून पीक घेणाऱ्या माणसाने विश्वाचा आरंभ दाण्यात पाहावा, ही मोठी गोष्ट आहे. अवकाशयानाच्या चर्चेत नेमका हा दाणा हरवला, याचं मला फार वाईट वाटतं.

*

हे वाचताना वारली आठवतात. वसई तालुक्याच्या पूर्वपट्टीत त्यांचे पाडे आहेत, पुढे पालघर-डहाणूपर्यंत. त्यांच्या धरतरी, गावतरी, कणसरी: भूमी, गाय आणि धान्य, तिघी आया. लग्नात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी येते, शेजारी पंचशिऱ्या देव, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणं म्हणते. धवलेरी गात नाही तोवर लग्न लागत नाही. सृष्टीची कथा तिच्या तोंडी, बाईच्या तोंडी, आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने ही चित्रं बाहेर आणली. जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांनी ती कागदावर, कापडावर नेली; १९८९ मध्ये त्यांची चित्रं पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात होती, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. आता दुकानातल्या प्रत्येक कपावर वारली नाच आहे आणि सोबत चिठ्ठी: दहा हजार वर्षांची कला. कशावरून? मातीच्या भिंतीवरचं तांदळाचं पीठ दोन-चार पावसाळे टिकत नाही. भीमबेटकाच्या आकृत्यांशी साम्य आहे, खरं. पण त्रिकोण आणि काड्यांनी माणूस काढणं कुणालाही, कधीही सुचू शकतं. दहा हजारांचा आकडा वारल्यांना मोठेपण देतो असं वाटतं. माझ्या मते तो त्यांना आजच्या काळातून बाहेर काढतो. १९४५ मध्ये वेठबिगारीविरुद्ध उठलेली ही माणसं आहेत. त्यांना गुहेत ढकलायचं कारण नाही.

*

भुईगावला १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आठव्याचा त्याआधीच, १८८२ मध्ये, सोपाऱ्यात मिळाला होता. नवव्यात राजा काय म्हणतो? लोक लग्नात, आजारात, मूल झालं की, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, विशेषतः बायका. त्यांचं फळ थोडं, धर्माचं मंगल खरं.

सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा बाहेरून आलेला पहिला अर्थ, आणि तोही आमच्याच किनाऱ्यावर. अशोकाला मी मानतो. पण चौक अजून लिहिले जातात.

*

शलमोन राजाची जहाजं ज्या ओफीरहून सोनं आणत, ते ओफीर म्हणजे सोपारा, हे मत वसईच्या ख्रिस्ती घरांतही जिव्हाळ्याने ऐकू येतं. बायबलच्या जुन्या ग्रीक भाषांतरात त्या नावाच्या सुरुवातीला ‘स’ आहे, आणि जोसेफसने ओफीर हिंदुस्थानाकडे दाखवलं आहे. मलाही ते खरं असावं असं वाटतं. आपल्या गावाचं नाव पवित्र ग्रंथात निघावं, कुणाला नको? पण सोपाऱ्यात शलमोनाच्या काळापर्यंत नेणारा पुरावा मिळालेला नाही, आणि अरबस्तान, आफ्रिकाही त्याच नावावर हक्क सांगतात.

*

चौदाचा आकडा. प्रचलित कथेत परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं चितेवर शुद्ध करून चित्पावन घडवले. कोकणातल्या ज्यूंच्या, बेने इस्रायलींच्या, कथेत अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या. दोन्हींत चौदा, दोन्हींत समुद्र, म्हणून दोघे एकच, असं सांगणारे भेटतात. चित्पावनांची गोत्रं चौदा आहेत, हे आधी पाहावं. आणि नवगावच्या कथेत बुडालेल्यांना पुरलेली जागा बेने इस्रायली आजही दाखवतात. त्यांच्या लेखी ते मृत आप्त आहेत, कुणाच्या सिद्धांताचा दुवा नाहीत.

*

व्याध आमच्याही कथेत आहेच. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती हरिण होऊन स्वतःच्या मुलीमागे धावतो, देव त्याला शासन करायला एक उग्र रूप उभं करतात, तोच व्याध, आणि बाण सुटतो. मृगात सरळ रेषेतले तीन तारे म्हणजे तो तीन कांड्यांचा बाण. थंडीत रात्री अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की सगळी कथा डोक्यावर दिसते. निर्मात्यालाही मर्यादा आहे, हे सांगणारी सृष्टिकथा.

टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’मध्ये याच मृगावरून वेदांचा काळ इसवी सनापूर्वी चार हजार वर्षांच्या आसपास नेला. त्याच वर्षी जर्मनीत याकोबीही स्वतंत्रपणे तसंच म्हणाले. दहा वर्षांनी टिळकांनी आर्यांचं मूळ घर उत्तर ध्रुवाकडे नेलं. दोन्ही मतं आज फार कुणी मानत नाही. पण टिळकांनी संपातबिंदूचं गणित उघड मांडलं, ऋचा समोर ठेवल्या. खोडायचं तर कुणालाही खोडता यावं असं लिहिलं. म्हणून मी त्यांना टेंपलच्या रांगेत बसवणार नाही.

*

१९९१ मध्ये डच अभ्यासक वाल्टर फान बेक यांनी डोगोनांत वर्षानुवर्षं राहून लिहिलं: व्याधाच्या जोडताऱ्याची कथा त्यांना तिथे मिळाली नाही. नेमका कोणता तारा, यावरही विचारलेल्या माणसांचं एकमत नव्हतं. ग्रिओलकडूनच ऐकलं, असंही सांगत. ग्रिओलच्या मुलीने, त्याही तिथल्याच अभ्यासक, याला कडक उत्तर दिलं. कार्ल सेगन यांचा कयास आधीपासून होता की एखाद्या युरोपीय पाहुण्याने ही माहिती तिथे नेली असावी.

मला वाटतं, ग्रिओल खोटं बोलले नाहीत. आदराने, पुन्हा पुन्हा, एकाच दिशेने विचारलं की समोरचा माणूसही आदराने त्या दिशेला चालू लागतो. दोघे मिळून एक नवी कथा रचतात, आणि छापताना ती एकाच्याच नावावर, ‘प्राचीन’ म्हणून जाते. वसईजवळच्या निर्मळच्या जत्रेत म्हाताऱ्यांना विमलेश्वराची, परशुरामाची कथा विचारतो तेव्हा म्हणून मी उत्तराच्या आधी माझा प्रश्न लिहून ठेवतो.

*

डोगोनांचा सिगी हा सोहळा दर साठ वर्षांनी येतो आणि गावोगाव फिरत काही वर्षं चालतो. मागचा १९६७ ते १९७३ या काळात झाला. ज्याँ रूश यांनी त्याचं चित्रण केलं. साठाच्या हिशेबाने पुढचा २०२७ मध्ये लागतो. बांदियागाराच्या कड्यांवरची गावं गेली काही वर्षं हल्ल्यांनी होरपळली आहेत, कित्येक कुटुंबं गाव सोडून गेली आहेत. सिगी कुठल्या गावातून निघेल, निघेल तर पुढच्या गावापर्यंत पोचेल का, मागच्या वेळी जी पोरं होती त्यांच्यापैकी कोण नाचेल, हे मला जाणून घ्यायचं आहे. त्याची बातमी मिळेल तिथून मी गोळा करणार आहे.