म्हणे

९ मे २०२५ची सकाळ. बदलापूरच्या घरासाठी पडद्यांचं कापड घ्यायला मी उल्हासनगरच्या कापडबाजारात गेलो होतो. दुकानाचा मालक, पन्नाशीचा सिंधी गृहस्थ, आल्या गिऱ्हाइकाला फोनवर आदल्या रात्रीच्या युद्धबातम्यांची क्लिप दाखवत होता. निवेदक किंचाळत होता, मागे भोंगा वाजत होता. कराची बंदर बेचिराख झालं होतं. कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी कानाला हात लावून विचारलं, "कराची में किधर? केमाड़ी? मनोड़ो?"

"पूरा कराची, पापा."

म्हातारबाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पूरा कराची तो बहुत बड़ा है, बेटा."

त्यांचा जन्म तिथला. फाळणीत आठ वर्षांचे असताना बोटीने मुंबईला आणि तिथून कल्याण कॅम्पात. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेल्या बॅरकींत निर्वासितांचे संसार मांडले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन त्या कॅम्पाचं उल्हासनगर झालं. म्हाताऱ्याच्या डोक्यात कराचीचा नकाशा अजून शाबूत होता. म्हणून त्याला 'किधर' सुचलं.

मी पस्तीस वर्षं मुंबईतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली. 'कुठे' हा आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवायचा प्रश्न. त्या रात्री एवढ्या स्टुडिओंतून तो कुणी विचारला नाही, आणि कापडाच्या दुकानात विचारला गेला. गंमत अशी की कराचीवर हल्ला केला असं ना नौदल म्हणालं होतं, ना संरक्षण खातं. दोनच दिवसांनी, ११ मेच्या पत्रकार परिषदेत नौदलाने सांगितलं, की कराचीसह निवडक लक्ष्यांवर मारा करण्याच्या तयारीत ते होते. तयारीत होते म्हणजे मारा झालेला नव्हता. मग बंदर कुणी जाळलं? 'सूत्रांनी'.

कराचीचं बंदर खरोखर पेटलं ते १९७१च्या डिसेंबरात. ४ तारखेच्या रात्री नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी तिथे मारा केला, ८ तारखेच्या रात्री पुन्हा केला. केमारीच्या तेलाच्या टाक्या जळाल्या. ४ डिसेंबर हा आपला नौदल दिन झाला तो त्यामुळेच. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत. संध्याकाळ झाली की आई खिडक्यांना काळा कागद लावायची. गव्हाच्या खळीने चिकटवलेला तो कागद दुपारी उन्हाने सुटायचा, रात्री पुन्हा चिकटवायचा. वडील डबल ड्यूटी करून यायचे, पाय धुवायचे आणि जेवायचे. फॅक्टरीत काय बनतं हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. "ते सांगायचं नसतं," एवढंच. पण शेजारच्या कुणी "रोज अमुक इतका माल निघतो ना हो तुमच्याकडे?" असा फुगवलेला आकडा पुढे केला, तर त्याला मानही डोलवायचे नाहीत. न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं, हा भेद मी पत्रकारितेच्या वर्गात शिकलो नाही. त्या क्वार्टरच्या ओट्यावर शिकलो.

आणि 'म्हणे' शिकलो आजीकडून. आकाशवाणीच्या बातम्या संपल्या की ती अंधारातच शेजारणीशी बोलायची. "विमानं पाडली म्हणे." "कराची जळतंय म्हणे." शेजारीण विचारायची, "कोण म्हणे?" आजी सांगायची, "रेडिओ म्हणे." वरच्या खोलीतल्या माणसाने काही सांगितलेलं असलं, तर "वरचा म्हणे".

हा छोटासा शब्द मला आपल्या भाषेतला फार शहाणा शब्द वाटतो. तो सांगणाऱ्याला खोटं पाडत नाही आणि त्याच्यावर विश्वासही टाकत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, मला कुणीतरी सांगितलंय, एवढी नोंद वाक्याच्या शेपटाला बांधून तो मोकळा होतो. आजी देशप्रेमी नव्हती असं कुणी म्हणणार नाही. तिने हातातल्या दोनपैकी एक बांगडी संरक्षण निधीला दिली होती. तरी रेडिओवरच्या बातमीला ती म्हणे जोडायचीच.

वर्तमानपत्रात आलो आणि पाहिलं, की आमचा निम्मा वेळ हा म्हणे खोडण्यात जातो. वृत्तसंस्थेची तार यायची: संरक्षण खात्याच्या प्रवक्त्याने असा दावा केला आहे. मजकुरात 'दावा' राहायचा. उपमथळ्यात त्याचा 'सांगितले' व्हायचा. मथळ्यात सांगणारा माणूसच गळायचा आणि उरायची घडलेली गोष्ट. मथळ्याला जागा कमी असते, ही आमची सबब. त्या कमी जागेत 'कंठस्नान' मात्र बरोबर मावायचं. कंठस्नान, खात्मा, धूळ चारली, चोख प्रत्युत्तर. लढाईच्या बातमीसाठी हे शब्द डेस्कवर आधीच जुळवून ठेवल्यासारखे तयार असतात. यांपैकी कुठल्याच शब्दात किती, कुठे आणि कोण म्हणे याला जागा नाही.

आकड्यांचं तर विचारूच नका. १९६५च्या युद्धात पाकिस्तानची ७३ विमानं पाडली असं भारत म्हणे. आपली १९च गेली असं पाकिस्तान म्हणे. भारताची १०४ पाडली असं पाकिस्तान म्हणे. आपली ५९ गेली असं भारत म्हणे. दोन्हीकडची वजाबाकी करा. जवळजवळ शंभर विमानं अशी निघतात, जी पाडणाऱ्याच्या वहीत पडली आणि मालकाच्या वहीत शाबूत राहिली. दोन्ही देशांतल्या वाचकांनी ती सकाळच्या चहाबरोबर मोजली होती. वैमानिकाने हवेत काही सेकंद पाहिलेल्या धुराचा आकडा होतो. तो वर जाताना कुणी कमी करत नाही, आणि जिंकत असलेल्या सरकारला तो तपासायची घाई नसते. ही घाई आम्ही करायची असते. पगार त्याचाच मिळतो.

आता माझं पाप. २६ फेब्रुवारी २०१९, बालाकोटवरचा हवाई हल्ला. सकाळी परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी निवेदन केलं. त्यात मारल्या गेलेल्यांचा आकडा नव्हता. 'फार मोठ्या संख्येने' एवढंच होतं. दुपारपर्यंत सूत्रांनी तीनशे केले. रात्री पान मी लावत होतो. मथळा मीच दिला: तीनशे अतिरेक्यांना कंठस्नान. समोरच्या संगणकावरची नवी उपसंपादक मुलगी म्हणाली, "सर, तीनशे कुणी मोजले?" मी म्हणालो, "ही ती वेळ नाही गं." पान गेलं. शेवटची गाडी पकडली. अंबरनाथपर्यंत डब्यात लोक पेढे वाटत होते, मीही एक खाल्ला.

४ मार्चला हवाई दलप्रमुख बी. एस. धनोआ कोइमतूरला म्हणाले, की लक्ष्यावर मारा झाला की नाही एवढंच हवाई दल पाहतं, मेलेली माणसं ते मोजत नाही. प्रामाणिक उत्तर होतं ते. ज्याने बॉम्ब टाकला तो मोजत नाही म्हणाला. मोजले होते मी, एका वातानुकूलित खोलीत बसून. आम्ही खुलासा छापला नाही. ती मुलगी नंतर नोकरी सोडून गेली. तिला मी कधी सांगितलं नाही, की ती वेळ तीच होती.

त्याच आठवड्यातली दुसरी बातमी मला जास्त टोचते. २७ फेब्रुवारीला बडगामला हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. सहा हवाई सैनिक गेले, जमिनीवरचा एक नागरिक गेला. सैनिकांमध्ये आपला नाशिकचा एक स्क्वाड्रन लीडर होता. आम्ही नाशिकची अंत्ययात्रा पहिल्या पानावर घेतली, मोठ्या फोटोसह. हेलिकॉप्टर का पडलं, हा प्रश्न मात्र लावून धरला नाही. मधे लोकसभेची निवडणूक होऊन गेली. ४ ऑक्टोबरला नवे हवाई दलप्रमुख आर. के. एस. भदौरिया यांनी कबूल केलं, की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं होतं आणि ती मोठी चूक होती. सात महिने. आपला माणूस कशाने गेला हे नाशिकच्या त्या घराला कळायला हवं होतं, आणि त्यासाठी कुणीतरी रोज विचारत राहायला हवं होतं. सलामी देण्यात आम्ही कमी पडलो नाही. विचारण्यात पडलो.

यावर हमखास येणारा सवाल मला ठाऊक आहे. लोकलमध्ये तो मला कितीदा ऐकवला गेलाय. सीमेवर जवान लढत असताना तुम्ही इथे बसून प्रश्न विचारणार? २२ एप्रिल २०२५ला पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यात डोंबिवलीचे तिघे होते. आमच्या बदलापूरहून डोंबिवली म्हणजे अर्ध्या तासाचा प्रवास. त्या आठवड्यात डब्यात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. अशा वेळी पुरावा मागणं निष्ठुर वाटतं, हे मी नाकारत नाही.

पण गोपनीयता कुणी मोडा म्हणत नाही. २६/११ला ताजच्या बाहेरून वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या कसाबच्या निकालात त्याबद्दल वाहिन्यांना झापलं, ते योग्यच होतं. सैन्य उद्या कुठे जाणार, हे छापायचं नसतं. काल काय झालं असं सरकार म्हणतं, ते मात्र तपासायचंच असतं. पहिलं माझ्या वडिलांचं मौन आहे. दुसऱ्या ठिकाणी आम्ही मान डोलवत बसलो, तर तो शेजाऱ्याचा फुगवलेला आकडा झाला.

पहलगामनंतरच्या ऑपरेशन सिंदूरमध्ये आपली विमानं पडली का, हा प्रश्न ७ मेच्या सकाळपासून जगभर विचारला जात होता. पाकिस्तान आधी पाच म्हणे, मग सहा म्हणे. ११ मेला एअर मार्शल ए. के. भारती म्हणाले, की लढाईत नुकसान हा भागच असतो आणि आपले सर्व वैमानिक परत आले आहेत. ३१ मेला संरक्षण दलप्रमुख अनिल चौहान यांनी सिंगापूरला परदेशी वृत्तसंस्थांशी बोलताना विमानं पडल्याचं मान्य केलं, आकडा न देता. पाकिस्तानचा सहाचा दावा त्यांनी खोडला. ती का पडली आणि आपण काय सुधारलं, हे जास्त महत्त्वाचं, असं ते म्हणाले. पुढे ९ ऑगस्टला हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी बंगळुरूत पाकिस्तानची पाच लढाऊ आणि एक मोठं विमान पाडल्याचं जाहीर केलं. या सगळ्या तारखांमध्ये एक गोष्ट मला लागली. सेनाधिकारी उत्तर द्यायला तयार होता. प्रश्न परक्या शहरात, परक्या वार्ताहराने विचारला. अंबरनाथच्या वाचकाला उत्तर भाषांतर होऊन मिळालं.

हा रोग काही आपलाच नाही. २००३मध्ये इराककडे संहारक अस्त्रं आहेत असं अमेरिकेचं सरकार म्हणे, आणि न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वर्तमानपत्राने त्यातला म्हणे फार वेळा गाळला. अस्त्रं निघाली नाहीत. मे २००४मध्ये त्यांनी आपल्या वाचकांपुढे लेखी कबुली दिली, की आम्ही पुरेसे काटेकोर राहिलो नाही. नाइट रिडर नावाच्या, तितक्या नावाजलेल्या नसलेल्या वृत्तसमूहाचे दोन-तीन बातमीदार मात्र तेव्हाच शंका घेत होते. त्यांची युक्ती साधी होती: मंत्र्यांना सोडून ते खालच्या टेबलावर कागद हाताळणाऱ्या माणसांना विचारत होते.

आमच्या पट्ट्यात तर युद्धकाळातला सरकारी शब्द अजून जमिनीतून वर येतो. अंबरनाथ-कल्याणच्या मधल्या नेवाळीला महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपलं, इंग्रज गेले, जमीन संरक्षण खात्याकडे राहिली. २०१७ साली नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जूनला रस्त्यावर जाळपोळ झाली, पोलिस आणि गावकरी दोन्हीकडचे जखमी झाले. दुसऱ्या दिवशी मी गेलो होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं, "लढाई संपल्यावर देतो म्हनलं हुतं म्हनं." त्याच्या आज्याला कुणीतरी सांगितलेलं वाक्य, म्हणेला बांधून तीन पिढ्या जपलेलं. संरक्षण खात्याकडे कागद होते. शेतकऱ्यांकडे म्हणे होता. त्या काळी एखाद्या बातमीदाराने गोऱ्या साहेबाला "देणार म्हणजे कधी? कुणाच्या सहीने?" एवढं विचारून छापलं असतं, तर पंचाहत्तर वर्षांनी गावाच्या हातात निदान एक कात्रण असतं.

त्या मे महिन्यातल्या सकाळी अशाच जुन्या गोष्टी डोक्यात घोळवत मी कापडाच्या दुकानात बसलो होतो. मालकाने फोन खिशात घातला आणि कापडाचा तागा उलगडला. "खिडकी किती रुंद?" मी सांगितलं, साडेपाच फूट. "चुण्या किती? वरची पट्टी धरून का सोडून? मोजलंय ना, साहेब, की अंदाजाने सांगताय?" मी गडबडलो. बायको म्हणे, असं सांगितलं.

"फोन लगाओ," कोपऱ्यातून म्हातारबाबा म्हणाले. "फिर से नापने को बोलो. तब तक मत काटना."

मालकाने कात्री खाली ठेवली.