वश्ती

जुन्या करारात एस्तेरच्या पुस्तकात वश्ती नावाची राणी आहे. राजाने मेजवानीत बोलावलं आणि ती गेली नाही. तिचं राणीपद गेलं, गोष्ट एस्तेरकडे वळली. कॅटेकिझमच्या वर्गात सिस्टर तिच्यावर एकच वाक्य बोलून पुढे गेल्या होत्या.

दुसरी वॅश्टी मला गेल्या पावसाळ्यात भेटली, हेडफोनमध्ये. वॅश्टी बन्यन. १९६५ मध्ये जॅगर आणि रिचर्ड्‌स यांनी लिहिलेलं गाणं घेऊन तिची पहिली रेकॉर्ड निघाली, पण चालली नाही. मग १९६८ मध्ये ही मुलगी मित्रासोबत घोडागाडीत बसून थेट स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली! डोनोव्हन नावाच्या गायकाने तिथे कलावंतांची वस्ती करायचं ठरवलं होतं. घोड्याच्या चालीने जायचं म्हणजे वर्षाहून जास्त लागलं. पोचेपर्यंत वस्ती विस्कटली होती.

पण वाटेत गाणी झाली. 'जस्ट अनदर डायमंड डे' हा तिचा पहिला अल्बम १९७० मध्ये आला. चौदा गाणी, आवाज इतका हळू की खोलीतला पंखा बंद करावा लागतो. (आमच्या होस्टेलचा पंखा तर ट्रॅक्टरच आहे.) फार कुणी तो घेतला नाही. तिने गिटार ठेवून दिली, आणि तीस वर्षं मुलं, घर, जनावरं यांत गेली.

१९९० च्या दशकाच्या शेवटी तिने कॉम्प्युटर घेतला, इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधलं, तेव्हा कळलं की लोक तो जुना अल्बम शोधत फिरतायत. २००० मध्ये तो पुन्हा निघाला. दुसरा अल्बम आला २००५ मध्ये. पहिल्यानंतर पस्तीस वर्षांनी.

ही गोष्ट लोक फार गोड करून सांगतात. खऱ्या कलेला न्याय मिळतोच, वगैरे. मला ते पटत नाही. पंचविसाव्या वर्षी तिने जी पुढची गाणी लिहिली असती ती कुठे आहेत? ती कुणाला परत मिळाली नाहीत.

मला हे एवढं का लागलं तेही सांगते. मी दोन वर्षांपूर्वी तीन मराठी गाणी रेकॉर्ड करून टाकली होती. चर्चच्या क्वायरची गिटार, मोबाइलचा माइक. महिन्याभरात त्रेचाळीस जणांनी ऐकलं, त्यातले निम्मे माझे नातेवाईक. वर्गातली एक म्हणाली, ''छान आहे गं, पण थोडं झोप येतं.'' त्याच रात्री मी तिन्ही डिलीट केली. वहीसुद्धा ट्रंकेत तळाला. रेकॉर्डिंग कुठेच ठेवलं नाही. वॅश्टीने निदान तबकडी तरी मागे ठेवली होती.

दिवाळीच्या सुट्टीत बेळगावला घरी गेले. मम्मी बांगडे साफ करत होती आणि गुणगुणत होती. आधी वाटलं मासमधलं काहीतरी असेल. दारात उभी राहून ऐकलं. माझं दुसरं गाणं होतं ते.

''हे तुला येतं?''

''का नाही येणार? तू ह्याच खोलीत म्हणायचीस की. दार लावून.''

कडव्याची दुसरी ओळ ती सपशेल चुकीची म्हणते. आणि तिची ओळ माझ्यापेक्षा बरी आहे. रात्री ती लिहून घ्यायला म्हणून मी ट्रंकेतली वही काढली.