बाबासाहेबांच्या चेहऱ्याचा रंग



वेल्ह्यातल्या एका वस्तीच्या विहारासाठी मी बाबासाहेबांचं तैलचित्र करायला घेतलं, तेव्हा पोरांनीच विचारलं, "ताई, भोरला फ्लेक्स लगेच मिळतो. कशाला हा खटाटोप?"

प्रश्न रास्त होता. पण तैलचित्र हे राजेरजवाड्यांचं माध्यम, आणि भोर १९४८ पर्यंत पंतसचिवांचं संस्थान. ज्या सेंट्रल हॉलमध्ये राज्यघटनेवर चर्चा झाली, तिथे बाबासाहेबांचं तैलचित्र लागायला १९९० साल उजाडावं लागलं. मग आपणच आपल्या विहारात फ्लेक्सवर का भागवायचं?

रंग आणले. त्यात 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब होती. फ्लेश म्हणजे कातडी. कुणाची? ट्यूबमधून निघाला गुलाबी गोरा रंग. कॅलेंडरवरच्या बाबासाहेबांचे गाल असेच असतात. त्यांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत, गालांवरचा गुलाबी छापखान्याचा. गोरं म्हणजे थोर, हे गणित आपल्याच भिंतीवर टांगून आपण जातीविरुद्ध भाषणं देतो.

ट्यूब बाजूला ठेवली. वस्तीमागच्या उतारावरची तांबडी माती आणली, कुटली, फडक्यातून गाळली, पाण्यात निवळून वाळवली आणि काचेवर जवसाच्या तेलात घोटली. मातीतल्या लोहाचा तो रंग उन्हात विटत नाही. पहिल्या थरात मात्र माझं तेल जास्त झालं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यात वेल्ह्याचा पाऊस. वरचा थर आधी वाळला, खालचा ओलाच राहिला आणि कपाळावर भेगा पडल्या. सगळं खरवडलं. दुसऱ्या वेळी खाली तेल कमी, वर जास्त.

कॅनव्हासच्या अस्तराला जुने चित्रकार सरस वापरतात. सरस म्हणजे जनावरांचं कातडं आणि हाडं उकळून केलेला चिकट पदार्थ. १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितलं. मेलेली ढोरं ओढण्याचं काम आपल्या माणसांनी पुढे लढून टाकलं. त्यांच्या चित्राखाली तेच लावायला माझा हात धजेना. हसाल तर हसा. मी अ‍ॅक्रिलिकचं अस्तर दिलं.

चेहरा भरत आला तेव्हा वस्तीतले एक आबा येऊन उभे राहिले.

"पोरी, बाबासाहेब येवढं सावळं व्हतं का? लोकं म्हणतील, मुद्दाम काळं केलं."

त्यांचं दुखणं खरं होतं. काळं म्हणून ज्यांना आयुष्यभर हिणवलं, त्यांना बाबासाहेब तरी उजळ हवे असतात. मी म्हटलं, "आबा, उतारवयात बाबासाहेबांनी स्वतः ब्रश धरला. बुद्ध काढला तो उघड्या डोळ्यांचा. मिटल्या डोळ्यांचे बुद्ध पुष्कळ होते, म्हणून त्यांनी तसाच काढला का?"

आबा बोलले नाहीत. पायरीवर बसून बराच वेळ चित्राकडे बघत राहिले.

"कपाळावर जरा उजेड पडू दे," म्हणाले.

त्याच मातीत थोडी पिवळी माती आणि पांढरा घालून तेवढा उजेड मी दिला. ट्यूब अजून पेटीत तशीच आहे.